निम्म्या इडवालचं दुपटं

सोमवार, २ फेब्रुवारी १९३१

ही वही मुळात बाबांच्या मापांची. पहिल्या चार पानांवर गावातल्या पुरुषांच्या छात्या, खांदे आणि कंबरा लिहिल्या आहेत. त्यातले तिघे आता चॅपलच्या मागे मातीत झोपलेत. बाकीची पानं कोरी होती, ती मी घेतली. विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबा 'हं' म्हणाले असते, आणि त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझा दिवस गेला असता.

कॉलेज सोडून घरी आल्याला आज नववा दिवस. त्या मास्तराने भर वर्गात म्हणावं, "शिंप्याच्या पोराने कापड कापावं, वाद घालू नये," आणि मी ऐकून घ्यावं? शाईची दौत भिंतीवर मारली. त्याच्या काळ्या झग्यावर शाई आपणहून उडाली, मी उडवली नाही. माफी माग म्हणाले. मागितली नाही. ट्रंक उचलली आणि कॉलेजसमोरच्या समुद्राकडे पाठ करून निघालो.

आमच्या या वेल्श खेड्यात, रिडवेनमध्ये, प्रत्येकाला धंद्यावरून नाव असतं. टपाल पॅरी, पाव डेव्हिस, बाबा म्हणजे शिंपी जोसाया. मला नऊ दिवसांत मिळालं: इडवाल निम्मा. निम्मं कॉलेज, निम्मी अक्कल. दूध घालणाऱ्या बाईची पोरंसुद्धा कुंपणावरून ओरडतात.

आणि आज टपाल पॅरी स्वतः पाकीट घेऊन आला, तोंडावर इतकी दया की ठोसा मारावासा वाटला. जिच्यावर माझा जीव, त्या एलिनेडने माझी अकराही पत्रं परत पाठवली आहेत. निळ्या फितीत बांधून. वर चिठ्ठी: 'एक तरी गोष्ट पुरी कर, इडवाल.'

शेगडीत घालणार होतो. हात पुढे गेला नाही. तिने फीत इतकी नीट बांधली आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

वर डोंगरात बहिणीकडे, लौरीकडे गेलो होतो. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा, लौरी तेराची. माझी पोळलेली बोटं, फाटलेली विजार, पहिली मारामारी, सगळं तिच्या पदरात. तिने कॉलेजबद्दल एक शब्द काढला नाही. "जेवलास का इडू?" एवढंच. वाडगंभर गरम सार पुढे ठेवलं आणि समोर बसली.

एप्रिलअखेर तिचे दिवस भरतील. घरात बाळाचं एक टोपडंसुद्धा नाही. गेल्या साली सगळं होतं. पाळणा होता, लोकरीचे मोजे होते, माझ्या हातची वेडीवाकडी लाकडी घोडी होती. मूल जन्मलं आणि रडलं नाही. नंतर गेथिन, म्हणजे तिचा नवरा, एकेक वस्तू घराबाहेर नेत होता आणि लौरी जिन्यात बसून बघत होती.

आज मी फक्त म्हणालो, "थंडी फार आहे, बाळासाठी काही..."

"काही नाही आणायचं," ती म्हणाली. "मूल आल्याशिवाय या उंबऱ्याच्या आत काही येणार नाही. शपथ घे."

घेतली. खाली उतरताना मात्र डोक्यात किडा शिरला. उंबऱ्याच्या आत नको ना? ठीक. पण जगात कुठेतरी ते तयार असायला काय हरकत आहे? माझ्या बहिणीच्या बाळासाठी मी दुपटं शिवणार. स्वतः, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत. मग एलिनेडला कळवीन: केली पुरी.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

शेजारच्या हॅनामावशीकडे गेलो. चाळीस वर्षं ती शेतावर शेतावर मुक्काम करून रजया शिवते. हिवाळ्यात घरी असते, तेव्हा अर्धी खोली तिच्या लाकडी चौकटीनेच व्यापलेली. बरोबर टेग्वेन नावाची शिकाऊ मुलगी असते, एकोणीसची, जिभेला हाड नाही.

"सुई धरता येते?" मावशीने विचारलं.

"शिंप्याचा मुलगा आहे मी."

"खाटकाच्या मुलाला काय बैल जन्माला घालता येतो?"

टेग्वेन इतकी हसली की तिच्या तोंडातला दोरा पडला.

पण मावशीने सांगितलं सगळं. कापडाचे सारखे चौकोन, प्रत्येकाच्या पोटात चार इंची कागदाचा चौकोन. कापडाच्या कडा कागदावर दुमडून कच्चा टाका घालायचा, म्हणजे आकार हलत नाही. मग काठाला काठ लावून बारीक टाक्यांनी जोडत जायचं. नऊ रांगा, रांगेत सात. वरचा पदर पुरा झाला की कच्चे टाके कापायचे, कागद काढून टाकायचे, आणि मग आत लोकर, खाली तांबडं फ्लॅनेल.

"कागद चांगला घे," मावशी म्हणाली. "लिहायचा, जाड. वर्तमानपत्र मऊ पडतं."

"कॉलेजवाल्यांकडे कागदाला काय तोटा," टेग्वेन म्हणाली.

शनिवार, ७ फेब्रुवारी

अकरा पत्रं, त्रेसष्ट चौकोन आणि वर एक शिल्लक.

कापताना वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. कात्रीला भलतीच धार होती. परवापर्यंत ही कात्री लोणी कापत नव्हती. ओली हवा मानवली असेल तिला.

कापडाचं नशीबही बघा. कोटांच्या कापडांचं नमुन्यांचं पुस्तक घ्यायचं कुठून या विवंचनेत होतो. नवीन पुस्तकाला हात लावला तर बाबा हात तोडतील. तेवढ्यात बाबा गेल्या हिवाळ्याचं पुस्तक घेऊन आले, चिंध्यांच्या पेटीवर टाकलं आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "हे मोडीत." गेले निघून. राखाडी, तपकिरी, पिसूच्या रंगाचे ठिपके, एक हिरवट चौकडा. सगळे नमुने हलक्या उन्हाळी कोटांचे! हिवाळ्याच्या पुस्तकात ते कसे आले देव जाणे. मला तेच हवे होते.

मंगळवार, १० फेब्रुवारी

पहिले नऊ जोडले आणि मोठ्या दिमाखात नेले. मावशीने पट्टी लावली, तुकडा उजेडाला धरला आणि माझ्या मांडीवर परत टाकला.

"उसव."

"सगळं?"

"नाही, तुला आवडतं तेवढं ठेव आणि बाळाला सांग उरलेल्यातून वारा येईल."

मी उठून निघालो. दारापर्यंत गेलोही. मागून टेग्वेन म्हणाली, "जा जा. दौत हवी का? भिंत इथेही आहे."

माझ्या कानशिलांत रक्त उसळलं. परत फिरलो, बसलो, उसवलं. रागाने उसवलं तरी उसवलंच म्हणायचं. ती माझ्याकडे बघत होती. मी मुद्दाम बघितलं नाही. तिच्या डाव्या भुवईत पांढरा एक केस आहे.

सोमवार, १६ फेब्रुवारी

लोकर गोळा करायला टेग्वेनबरोबर डोंगरात. मेंढ्या काटेरी कुंपणाला अंग घासतात, तिथे पुंजके अडकतात. ते कुणाचेच नसतात, म्हणून ज्याची बोटं रक्ताळतात त्याचे. दिवसभरात एक पिशवी. ती म्हणाली, तिला कॉलेजला जायचं होतं. मी म्हणालो, गेलीस नाहीस ते बरं झालं. ती ओढ्यापर्यंत पुढे पुढे चालत राहिली. ओढ्याशी म्हणाली, "तुला जी गोष्ट नको झाली ती दुसऱ्याला मिळालीच नाही, असं असू शकतं, निम्मे साहेब."

रात्री एलिनेडचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. फीत आठवली.

बुधवार, १८ फेब्रुवारी

दिवसभर पाव डेव्हिसची विजार. कंबर बेचाळीस.

रविवार, २२ फेब्रुवारी

रविवारी आमच्याकडे सुईला सुट्टी. शनिवारी दिवेलागणीला बाबा सगळ्या सुया मोजून पत्र्याच्या डब्यात ठेवतात आणि कुलूप लावतात. चॅपलचे ते डीकन. पाळकांच्या पायाशी पुढच्या बाकावर बसणाऱ्या चौघांतले एक, तेवीस वर्षं. रविवारी ते बूटही पुसत नाहीत.

माझी बोटं शिवशिवत होती. अठ्ठावीस चौकोन झालेत. मावशीला म्हटलं, एक रांग घालू दे, कोण बघतंय?

"रविवारी घातलेला टाका मेल्यावर नाकाने उसवावा लागतो," ती म्हणाली. हसून नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आता मावशी पट्टी लावत नाही. नुसतं बोट फिरवते आणि पुढे जाते. मला इतकं भारी वाटलं की चहात मीठ घातलं.

उरलेला चौसष्टावा कागद टेग्वेनच्या हाती लागला. तिने वाचून दाखवला, "'हसतेस तेव्हा माझं सगळं चुकतं आणि मला...' पुढे कापलंय. कुणाला लिहिलं होतंस?"

"कुणालाही नाही." आणि गंमत म्हणजे ते खोटं बोलतोय असं वाटलं नाही.

"मग मी ठेवू?"

"ठेव. मापाला उपयोगी पडेल."

तिने घडी घालून, शिवताना बोटावर घालतात त्या अंगुस्तानाच्या डबीत ठेवला. मापाचा कागद कधी घडी घालून ठेवतात का? शिकाऊ आहे अजून.

शनिवार, २८ फेब्रुवारी

वरचा पदर पुरा झाला!

नऊ रांगा, रांगेत सात, आणि चार कोपरे जिथे भेटतात तिथे खरोखर भेटतात. मधोमध हिरवट चौकडा. टेबलावर पसरला आणि तीनदा मागे जाऊन बघितला. या हातांनी. हे हात निम्म्याचे म्हणे.

बाबा आले. शिंप्याची जात, वरून बघितलंच नाही. सरळ उलटा केला आणि मागची बाजू तपासली. कच्चे टाके, कागद, कागदावरची माझी अक्षरं. बराच वेळ.

"हं," म्हणाले आणि दिवा कमी केला.

एवढंच! महिनाभराची मेहनत आणि 'हं'! दार आपटून बाहेर आलो.

गुरुवार, ५ मार्च

हॅनामावशीने सांगितलं, सोमवारी चौकटीवर चढवू, तोवर कागद काढून ठेव. तासाभराचं काम. बसलोही. पहिला कच्चा टाका कापला, कागदाचं टोक बाहेर आलं, त्यावर 'तुझाच' एवढंच. परत आत सरकवला.

खरं लिहायचं तर मला भीती वाटली. कागद काढले की ते एकतर वाचावे लागणार नाहीतर जाळावे लागणार. आतमध्ये आहेत तोवर दोन्ही नाही. उद्या काढीन.

बर्फ पडायला लागलंय.

रविवार, ८ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

चॅपलमध्ये दुसरी प्रार्थना चालू होती. दार उघडलं आणि गेथिन आत आला, गुडघ्यापर्यंत बर्फ, डोक्यावर टोपी तशीच. चॅपलमध्ये टोपी! पाळक थांबले. गेथिन बाबांकडे बघून म्हणाला, "मुलगी झाली. पहाटे. सात आठवडे आधी."

बाकांवरची सगळी डोकी त्याच्याकडे वळली.

"जिवंत आहे. एवढीशी आहे." त्याने पावाएवढं अंतर हातांनी दाखवलं. "डॉक्टरचा रस्ता बंद आहे. सुईण म्हणते ऊब हवी. घोंगडी घातली तर जड होते, छाती वर येत नाही तिची. हलकं काहीतरी हवं. घरात काही नाही." मग पुन्हा, "घरात काहीच नाही."

बाबा पुढच्या बाकावरून उठले. प्रार्थनेच्या मध्यात. सगळ्या चॅपलमधून चालत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "ते कुठे आहे?"

"शेल्फावर. पण नुसता वरचा पदर..."

"चल."

घरी येऊन त्यांनी पत्र्याच्या डब्याचं कुलूप उघडलं. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. रविवारी ते कुलूप उघडं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मागोमाग हॅनामावशी आणि टेग्वेन लोकरीची पिशवी आणि फ्लॅनेल घेऊन धापा टाकत आल्या. मावशी म्हणाली, चौकटीवर नक्षी घालायला आठ दिवस लागतात, ते विसरा. चार चौकोन भेटतात तिथे एकेक गाठ मारा आणि काठ बंद करा.

फ्लॅनेल अंथरलं, लोकर पसरली, वर माझा पदर घातला. चार जण, चार बाजू. बाबा टेबलावर मांडी घालून बसले, जसे सोमवारी बसतात.

मावशीने सुई ओवली आणि थांबली. "जोसाया, हे नाकाने उसवावं लागेल हो. तू तर डीकन."

बाबा दोऱ्याला मेण लावत होते. "माझं नाक मोठं आहे, हॅना." पहिली गाठ मारून झाली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "याचंही माझ्यावरच गेलंय. दोघं मिळून उसवू."

टेग्वेनला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे पुसायचे होते, तिला कळेना आधी काय करावं.

पलीकडे चॅपलमध्ये स्तोत्र सुरू झालं. चार सुरांत, भिंतीतून. आम्ही त्या लयीत शिवत होतो असं आत्ता वाटतं. तेव्हा मला फक्त समोरची बोटभर कड दिसत होती. दोन तासांनी शेवटचा टाका मीच घातला. बाबांनी हात मागे घेतला आणि तो माझ्यासाठी ठेवला.

मी दुपटं उचललं आणि झटकलं.

सळसळ.

पुन्हा हलवलं. सुकलेल्या पानांच्या ढिगात कुत्रं शिरावं तशी सळसळ.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. घाईत आणि स्तोत्राच्या आवाजात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं; प्रत्येकाला वाटलं होतं मी गुरुवारीच कागद काढले.

"राहिले," मी म्हणालो.

मावशी मटकन बसली. टेग्वेन टोचून बोलेल म्हणून मी मान खाली घातली. तिने नुसता दुपट्याचा काठ सरळ केला, आणि ते जास्त लागलं.

"काढायला किती वेळ?" बाबांनी विचारलं.

"काठ उसवायचा, सगळ्या गाठी कापायच्या..." मावशीने खिडकीकडे बघितलं. "अंधार पडेल."

बाबांनी दुपटं माझ्या हातातून घेतलं, कोटाची बटणं सोडली, छातीशी सपाट धरलं आणि वरून बटणं लावली. "चल," पुन्हा तेच.

गेथिन पुढे फावडं मारत, मागे मी, मध्ये बाबा. बासष्ट वर्षांचे. दोन मैलांत ते एकदाही थांबले नाहीत. पावलागणिक त्यांच्या छातीतून माझी पत्रं सळसळत होती. मी मनात स्वतःला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या घातल्या, आणि वेल्श भाषेत त्या कमी नाहीत.

बाळ चुलीशेजारी कपाटाच्या खणात होतं, गेथिनच्या शर्टात गुंडाळलेलं. मुठी अक्रोडाएवढ्या. ओठ निळसर. लौरीने दुपटं बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "काही आणू नका म्हटलं होतं मी."

"उंबऱ्याच्या आत आणलं नव्हतं," मी म्हणालो. "ती आली. मग आणलं."

तिने हळूच हात बाहेर काढला आणि कापडावरून फिरवला. मग सुईणीला मान हलवली.

सुईणीने बाळ गुंडाळलं. "हा कसला आवाज?"

"कागद राहिलेत आत."

"कसले?"

"जुने."

"राहू देत. कागदातून वारा जात नाही. माझा नवरा कोळशाच्या गाडीवर होता तेव्हा कोटाच्या आत वर्तमानपत्र घालायचा. सत्तर वर्षं जगला मेला."

आम्ही निघालो तेव्हा ओठांचा रंग तसाच होता.

बुधवार, ११ मार्च

बर्फात रोज वर जातो. ती आहे. थेंब थेंब दूध घेते.

लौरी रविवारपासून झोपली नव्हती. डोळा लागला की दचकून उठायची, खणावर वाकायची, नाकाशी बोट धरायची. काल मी गेलो तर ती गाढ झोपलेली. मी घाबरून बाळाकडे बघितलं. खण किंचित सळसळला. लौरीच्या कपाळावरची आठी सैल झाली. जाग न येता.

उठल्यावर तिने सांगितलं. बाळ श्वास घेतं, पाय हलवतं, तेवढ्यानेसुद्धा कागद वाजतात. डोळे मिटूनही तिला कळतं.

"मागच्या वेळी आवाजच नव्हता, इडू," ती म्हणाली. "मी ऐकत राहिले होते. काही आवाजच नव्हता."

मी बाहेर जाऊन लाकडं फोडली. गरज होती त्याच्या तिप्पट.

हॅनामावशीने उन्हाळ्यात कागद काढून द्यायची तयारी दाखवली. लौरी म्हणाली, हात लावून बघ.

रविवार, १५ मार्च

चॅपल संपल्यावर टपाल पॅरी पुढच्या बाकावरून उठला. तोही डीकन. घसा साफ करून म्हणाला, गेल्या रविवारी एका भावाने विश्रामवार मोडला, भिंतीपलीकडे शिवणकाम चाललेलं मंडळीला माहीत आहे, आणि पुढे बसणाऱ्याने उदाहरण घालून द्यायचं असतं.

माझ्या मुठी आवळल्या. समोर स्तोत्रांचं जाड पुस्तक होतं. दौतीपेक्षा बरंच जड.

बाबा उठले. पॅरीला म्हणाले, "बरोबर बोललास. टाके मी घातले. त्याचा मला पस्तावा नाही, म्हणून इथे बसणं बरं नव्हे." तेवीस वर्षांची जागा सोडली आणि सगळ्यांसमोरून चालत मागे आले. माझ्या बाकावर, माझ्या शेजारी बसले.

मी उठायला लागलो तसा त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. इस्त्रीइतका जड.

"बस. चांगली शिवण आहे ती. भांडून ओढू नकोस."

मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा बसलो. आणि त्या मागच्या बाकावर, त्या म्हाताऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, मला इतका अभिमान वाटला की सगळं गाव आमच्याकडे वळून बघतंय याचंच बरं वाटलं. बघा म्हटलं. नीट बघा.

शनिवार, २१ मार्च

रस्ता उघडला. डॉक्टर आला, नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं. "कागद वाजतोय की छाती?" त्याने विचारलं. दुपटं बाजूला केल्यावर छाती स्वच्छ. जगेल म्हणाला.

जगेल म्हणाला!

उतारावरून धावत आलो आणि पहिली भेटली ती टेग्वेन, पाण्याची बादली घेऊन. तिला सांगितलं. बादली दोघांच्याही बुटांत गेली. बाबांना सांगायचं होतं आधी खरं तर, पण ती वाटेत होती.

रविवार, २६ एप्रिल

बाळाचं नाव ठेवलं. ग्वेनो, आमच्या आईचं. हिशोबाने ती याच आठवड्यात जन्मायची होती. तिने सात आठवडे आधीच घेतले.

लौरी पुढे उभी, बाळ दुपट्यात. पाळकांनी पाण्यात बोटं बुडवली. सगळं चॅपल गप्प. आणि ग्वेनोने दोन्ही पाय झाडले.

काय सांगू! त्या उंच छताखाली इतकी सळसळ झाली की वरच्या सज्जातली माणसं वाकून बघायला लागली. तिला आवडली असावी, कारण पुन्हा झाडले. टपाल पॅरीला कमी ऐकू येतं, तरी ही सळसळ त्यालाही पोचली, आणि तो कुजबुजतो तेही ओरडून.

"कसला आवाज आहे हा?"

मला वाटलं जमिनीने गिळावं. तेवढ्यात माझ्या शेजारून, मागच्या बाकावरून, बाबा उभे राहिले.

"माझ्या मुलाच्या हातचं काम आहे ते," ते म्हणाले. सगळ्या चॅपलला ऐकू जाईल असं. "पुरं केलेलं."

आणि बसले. खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

बाहेर पडताना पॅरीने मला अडवलं. "इडवाल," म्हणाला. पुढे निम्मा वगैरे काही नाही, नुसतं इडवाल. मग दुपट्याच्या काठावरून अंगठा फिरवत पुटपुटला, "टाके बारीक आहेत हो." मोठ्याने पुटपुटला. सगळ्यांनी ऐकलं.

सोमवार, २७ एप्रिल

हॅनामावशी आणि टेग्वेन आज सकाळी निघाल्या. आता पानगळीपर्यंत शेतावर शेतावर मुक्काम. गाडीत चौकटीची लाकडं, वर टेग्वेन. अंगुस्तानाची डबी मात्र सामानात दिली नव्हती, हातात धरली होती.

"मापाचा कागद हरवला नाहीस ना?" मी विचारलं.

"अजून माप घेतेय," ती म्हणाली. काय उत्तर आहे हे!

दुपारी एलिनेडला कळवायला बसलो, की केली एक गोष्ट पुरी. पाकिटावर नाव लिहिलं आणि अडलो. घर नंबर सात की सतरा? अकरा वेळा लिहिलेला पत्ता! स्मरणशक्ती जाते आहे बहुतेक. मग पाकिटाच्या मागेच बाळाच्या पुढच्या दुपट्याचं गणित मांडलं. थंडीपर्यंत तिला हे अपुरं पडणार.

त्या दोघींचा पहिला मुक्काम सहा मैलांवर. गिरणीनंतरचा पूल, मग डावीकडची चढण, दोन फाटकं, दुसऱ्याला कडी नाही, दोरी आहे.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं, मावशीच्या कात्र्या बोथट झाल्या असतील, शनिवारी जाऊन धार लावून द्यावी म्हणतो.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग सारात पाव बुडवला.

"हं," म्हणाले.